बोंडूंच्या दिवसांतली शाळा

(गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या प्राथमिक शाळांत अनेक वर्षं शिकवलेल्या एका शिक्षिकेनं फोंड्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. संयोजकांनी विषय दिला, 'वसंत ऋतू, प्राथमिक शाळा आणि पालकांचा सहभाग'. घरी सांगितलं तर मुलगी म्हणाली, आई, हा तर चौथीचा निबंध झाला. तिचं खरंच होतं. 'वसंत ऋतूत झाडांना पालवी फुटते' हे वाक्य मी हजार वेळा तपासलं असेन, लाल पेनानं. म्हणून आज पालवीचं काही सांगत नाही. एका जुन्या रजिस्टरपासून सुरुवात करते.

१९९६ साली मी सत्तरीत रुजू झाले. एकशिक्षकी शाळा, चार वर्ग, सतरा मुलं. मी म्हापशाकडची. आमच्या घरी काजूगर यायचे ते शुक्रवारच्या बाजारातून, पुडीत बांधून. झाडावरचा बोंडू, म्हणजे बी ज्याला लटकते तो काजूचा रसाळ भाग, जवळून पाहिला तो नोकरीला लागल्यावर. तर पहिल्याच वर्षी मार्चमध्ये मी मोठ्या उत्साहानं पालक मेळावा ठेवला. वेळ सकाळी दहाची. मुलांच्या वहीत सुवाच्य अक्षरात निमंत्रणं लिहून दिली, दारावर आंब्याच्या पानांचं तोरण लावलं, स्वागतगीत बसवलं. पेटी नव्हती, तर मीच टेबलावर ताल धरणार होते.

आले तीन पालक. एक बापुई, म्हणजे वडील, पाय मुरगळल्यामुळे घरी होता म्हणून, एक आई तान्हं मूल घेऊन, आणि एक आजी. स्वागतगीत झालं. संध्याकाळी रजिस्टरात मी अहवाल लिहिला आणि शेवटी एक ओळ घातली: 'पालकांमध्ये शिक्षणाविषयी अनास्था दिसून आली.' ती ओळ अजून तिथंच आहे. शाई उडालीय, पण वाचता येते.

आजी मात्र जाताना थांबली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाये, ह्या दिसांनी सकाळीं घरांत कोण मेळटा?"

मला तेव्हा तो बहाणा वाटला. आता वाटतं, पालक सहभागाबद्दल पुढं जेवढी प्रशिक्षणं घेतली, त्या सगळ्यांत एवढं नेमकं कुणी बोललं नाही.

फाल्गुन-चैत्रात सत्तरीतलं घर कसं असतं ते फोंड्यातल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी सांगते. उजाडायच्या आधी माणसं काजूच्या डोंगरावर जातात. बोंडू झाडावरून काढायचा नसतो, पिकून खाली पडलेला वेचायचा. तो लवकर वेचला नाही तर गुरं खातात, नाही तर उन्हानं नासतो. म्हणजे सकाळची वेळ हीच कमाईची. जिथं वायंगणाची, म्हणजे हिवाळी भाताची, शेती आहे तिथं भात कापणीला आलेलं. भिरंडं, म्हणजे कोकमं, लागायला लागलेली. रात्री शिगम्याची, म्हणजे आमच्या होळीच्या उत्सवाची तयारी; मांडावर, म्हणजे गावच्या ठरलेल्या उत्सवाच्या जागी, नमन, म्हणजे सुरुवातीची प्रार्थना. आणि याच महिन्यांत आमची वार्षिक परीक्षा! वर्षात घराला सगळ्यांत जास्त काम, डोंगराला सगळ्यांत जास्त फळ आणि गावाला सगळ्यांत मोठा उत्सव असतो, नेमके तेच दिवस शाळेनं पालकांना सकाळी दहाला खुर्चीवर बसवायला निवडले होते.

दुसऱ्या वर्षी मी वेळ बदलली. देवळाच्या सभामंडपात, रात्री साडेआठला, नमनाआधी अर्धा तास. स्वागतगीत नाही, तोरण नाही. चौदा घरांतून माणसं आली. पुरुष कठड्याला टेकून उभे, बायका आतल्या बाजूला, पोरं खांबांभोवती शिवाशिवी खेळत. मी भाषण करायचं ठरवून गेले होते, पण त्या गोंगाटात ते जमण्यासारखं नव्हतं. म्हणून विचारलं, या महिन्यात पोरांना तुम्ही घरी काय काय शिकवता? आधी सगळे हसले. शिकवायचं तुम्ही, बाई! मग एकेक निघत गेलं. बी कशी पिळून काढायची. कुठल्या झाडाखाली साप असतो. कोळंबीत बोंडू कसे तुडवायचे. कोळंबी म्हणजे डोंगरावर खडकातच कोरलेला उथळ हौद. आता बऱ्याच ठिकाणी लोखंडी दाबयंत्रं आली, तेव्हा पायांनी तुडवायचे. तुडवून उरलेल्या चोथ्याचा ढीग रानवेलीनं गच्च आवळायचा, वर धोंडा ठेवायचा, की रात्रभर थेंब थेंब नीरो, म्हणजे बोंडूचा गोड रस, ठिबकतो.

आणि मी वर्गात शिकवत होते 'फळाचे भाग'. चित्र सफरचंदाचं.

पुढच्या आठवड्यात सफरचंद पुसलं, फळ्याखाली बोंडूंची टोपली ठेवली. चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, बाई, सगळ्या फळांची बी आत असते, मग हिची बाहेर कशी? मला उत्तर येत नव्हतं. वाल्पयच्या एका शिक्षकमित्राकडून पुस्तक आणून वाचलं तेव्हा कळलं, वनस्पतिशास्त्राप्रमाणे काजूचं खरं फळ ती बीच. बोंडू म्हणजे फुगलेला देठ. हे मुलांना सांगितलं तर दोन दिवस गावात चर्चा. एक आजोबा मुद्दाम शाळेत आले, म्हणे पन्नास वर्षं आम्ही देठ खातोय? मग त्यांना हेही सांगितलं, की हे झाडही मूळचं आपलं नाही, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं. ते त्यांना अजिबात पटलं नाही. असू दे.

त्याच दिवसांत ती रजिस्टरवाली आजी वर्गात आली. मीच बोलावलं होतं, बिया मोजायला. पहिली-दुसरीची मुलं एकेक बी उचलून एक, दोन, तीन करत होती, तिसाच्या पुढं गाडी अडत होती. आजी भुईवर बसली. या हातात पाच, त्या हातात पाच, दोन्ही ओंजळी एकदम पाटीत. दर दहा वेळा झालं की एक खडा बाजूला. तिचं तोंड चालूच होतं, कुणाची गाय व्यायली, कुणाचं लग्न ठरलं, पण हात चुकला नाही. एक किलो बियांत दीडशेच्या वर दाणे भरले. दहाचा पाढा आणि शतक-दशक-एकक, मी त्यावर तीन आठवडे घालवले होते. आजीला सही येत नव्हती. हजेरीवर तिनं अंगठा दिला, तोही काजूच्या चिकानं काळा पडलेला.

आता कुणी म्हणेल, छान, म्हणजे पालक आले की सगळं गोड. तसं नाही. पालक आले की नाही म्हणायलाही येतात. एका वर्षी मी ठरवलं, तिसरी-चौथीची सहल काजूच्या भाटीवर, म्हणजे फेणी गाळतात तिथं, न्यायची. पाण्याची वाफ कशी होते, वाफेचं पुन्हा पाणी कसं होतं, हे तिथल्यासारखं कुठं दिसणार? भाण, म्हणजे गाळायचं भांडं, चुलीवर चढलेलं असतं, समोर सगळं घडतं. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, अभिमानाची गोष्ट, वगैरे माझी तयारी झाली होती. बैठकीत एक आई उठली. फार हळू बोलली. म्हणाली, बाई, आमच्या घरात ती भाटी रोज रात्री येते. माझ्या पोराला तिथं नेऊ नका.

सभामंडप गप्प झाला. दोघा-तिघांनी समजूत घालायचा प्रयत्न केला, धंदा आहे, पिढ्यांचा आहे. मी सहल रद्द केली. आम्ही कोळंबीपर्यंत गेलो, नीरो प्यायलो आणि परत आलो. वाफ मी किटलीवर थंड पाण्याची ताटली धरून शिकवली. ती भाटीइतकी रंगली नाही, हे कबूल. पण त्या आईनं वर्षभरात तोंड उघडलं ते त्या एकदाच, आणि तेव्हा तिचं ऐकलं नसतं तर पुढच्या बैठकीला ती कशाला आली असती?

शिगम्याविषयी थोडं. पणजी-मडगावला चित्ररथ निघतात, गर्दी होते, चांगलं आहे. शाळांच्या गॅदरिंगमध्ये मात्र शिगमा म्हणजे भाड्याचे फेटे आणि स्पीकरवरचं रेकॉर्ड. हे मला सहन होत नाही, स्पष्टच सांगते. ज्या गावात ढोल वाजवणारे पंधरा बापुई आहेत तिथं पोरं रेकॉर्डवर का नाचावीत? आम्ही बाप आणि आजोबांना बोलावलं. त्यांनी जती, म्हणजे शिगम्याची गाणी, शिकवल्या, ढोल-ताशा शिकवला. एकानं घुमट आणलं. मातीचं मडकं, दोन्हीकडून उघडं, मोठ्या तोंडावर कातडं, छोटं तोंड तळहातानं उघडझाप करून आवाज बदलायचा. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, आता बकऱ्याचं लावतात. आजोबा म्हणाले, आवाजात फरक पडतो. नातू म्हणाला, पण घोरपड मरत नाही. तो सामाजिक शास्त्राचा तास त्या दोघांनीच घेतला, मी मागच्या बाकावर बसले होते. २०१९ साली सरकारनं घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेव्हा त्या नातवानं मला फोन केला होता.

मुलींनाही ढोल हवा होता. त्यावर वडीलधाऱ्यांची रात्रभर चर्चा चालली. शेवटी निकाल आला: "शाळेंत वाजयात, मांडार नाका." अर्धा न्याय. मी तेवढाच घेतला.

कायद्याचं एका मिनिटात सांगते, कारण तो बहुतेक पालकांना माहीत नसतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. कागदावर आमच्याकडेही होत्या. व्हायचं काय, तर ठराव मी लिहायचे, वही घरोघर फिरायची, सह्या यायच्या. ही समिती खऱ्या अर्थानं बसली ती सभामंडपातच.

आणि इथंच माझी चूक सांगायला हवी. सभामंडपावर मी एवढी खूश होते, की तिथं कोण येत नाही हे बरीच वर्षं माझ्या लक्षातच आलं नाही. गावात एकच ख्रिस्ती घर, त्यांचा कोरेस्मा, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, याच दिवसांत, रात्री देवळात शिगम्याच्या आधी ते कसे येणार? आणि रस्त्याच्या कामावर आलेली कर्नाटकातली दोन कुटुंबं. त्यांची मुलं शाळेत होती. घरी कन्नड. देऊळ गावकऱ्यांचं, बैठक गावकऱ्यांची, असं त्यांनी धरलं असावं. आणि मी कधी विचारलं नाही.

त्यातला दुसरीतला एक मुलगा. मार्चचा दुसरा आठवडा. वर्गात बियांचा ढीग होता, मोजणी चालली होती. मी फळ्याकडे वळले आणि मागं ओरड झाली. त्यानं कच्ची बी दातांनी फोडली होती. काजूच्या सालीत तेल असतं, ते कातडीला लागलं की जळतं. सत्तरीतलं तीन वर्षांचं पोरही ती बी तोंडात घालत नाही. भाजायच्या आधीसुद्धा बायका हातांना खोबरेल चोपडतात. सगळ्यांना माहीत असतं, म्हणून मी बोलले नव्हते. त्या 'सगळ्यां'त हा मुलगा नव्हता. आणि म्हापशाहून आले तेव्हा मीही नव्हते, पण ते मी विसरले होते.

साबणानं तोंड धुतलं, एका बापुईच्या स्कूटरवरून आरोग्य केंद्रात नेलं. ओठ सुजून केवढे झाले. संध्याकाळी मी त्यांच्या झोपडीवर गेले. पत्र्याची खोली, बाहेर चूल. वडील कामावरून आले नव्हते. आईला माझं बोलणं किती कळलं देव जाणे. मी हात जोडले, तिनंही जोडले. बसा म्हणाली नाही, आणि का म्हणावं? मुलगा चार दिवस शाळेत आला नाही.

मग पाडवा आला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी परिपाठ चालला होता, तर फाटकाशी ती उभी. मुलगा तिच्या पदराला धरून, ओठाची खपली निघालेली. हातात स्टीलचा डबा. मला वाटलं, दाखला मागायला आली. मी पुढं गेले तर तिनं झाकण काढलं. आत गूळ, आणि त्यात कडुनिंबाची फुलं मिसळलेली. "युगादी," ती म्हणाली. आदल्या दिवशी आमच्या घरीही कडुनिंबाचा पाला आणि गूळ वाटला होता, तोच सण, तोच दिवस. तिच्या डब्यात पाल्याऐवजी फुलं होती, एवढंच.

मी मुलांना म्हटलं, रांग करा. ती पायरीच्या वर यायला तयार नव्हती, म्हणून रांगच खाली अंगणात आणली. तिनं प्रत्येकाच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवली. चौथीतल्या एका आगाऊ मुलानं तोंड वेंगाडून विचारलं, हे कडू का? तिच्या मुलानं आईला कन्नडमध्ये विचारलं, तिनं सांगितलं, आणि मग तो आमच्याकडे वळून कोकणीत सांगायला लागला. वर्षभरात वर्गात त्याचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा मोठा ऐकला.