दार कुणी उघडलं, दारात कोण उभं राहिलं

(वर्धा. लक्ष्मीनारायण मंदिराचा दर्शनी भाग.)

हे मंदिर एका व्यापारी घराण्याचं. बच्छराज शेठचं, आणि त्यांच्यामागे त्यांच्या दत्तक नातवाचं, जमनालाल बजाज यांचं. १९२८ साली जमनालालजींनी ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुलं केलं. विनोबा तेव्हा वर्ध्यातच होते, त्यांची साथ होती. जातभाई मात्र संतापले. ज्यांच्याशी सोयरिकी आणि व्यवहार, त्यांचाच रोष या शेठजींनी ओढवून घेतला.

आज कंपन्या ‘भूमिका घेतात’ म्हणजे बहुतेकदा जाहिरात करतात किंवा निवेदन काढतात. इथे माणसाने स्वतःच्या मालकीची वास्तू खुली केली. भूमिकेची किंमत त्याच्याच घरात वसूल होणार होती आणि ती तशी झालीही.

(महाड. चवदार तळं.)

पण वर्ध्याची गोष्ट महाडशिवाय सांगणं अन्यायाचं होईल. २० मार्च १९२७. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर आलेले हजारो लोक या तळ्यावर आले आणि पाणी प्यायले. कुणाची परवानगी मागितली नाही. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला. वर्ध्याचं दार उघडलं ते याच्या पुढच्या वर्षी. आणि १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दरवाजे बंदच राहिले. कितीतरी वर्षं.

मालकाने दार उघडणं वेगळं आणि माणसांनी आपला हक्क बजावणं वेगळं. पैसेवाल्यांची भूमिका बहुधा लोकांच्या लढ्याच्या मागून येते. जमनालालजींचं मोल त्यामुळे कमी होत नाही, फक्त पहिला मान कुणाचा, हे विसरायचं नाही.

(आकुर्डी. बजाज ऑटोचं प्रवेशद्वार.)

ऑक्टोबर २०२०. टीआरपी घोटाळ्याच्या, म्हणजे वाहिन्यांचे प्रेक्षक फुगवून दाखवल्याच्या आरोपाच्या, बातम्या गाजत होत्या. जमनालालजींचे पणतू राजीव बजाज यांनी एका मुलाखतीत सांगितलं की तीन वाहिन्यांना त्यांची कंपनी जाहिराती देत नाही. समाजात विष पसरवणाऱ्या गोष्टींशी आमचं नाव जोडलं जाऊ नये, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. वाहिन्यांची नावं त्यांनी घेतली नाहीत. ती घेतली असती तर अधिक बरं झालं असतं, असं आम्हाला वाटतं. तरीही हा निर्णय भक्कम होता, कारण त्यात थेट पैशाचा प्रवाह थांबवला होता. त्याच दिवसांत पार्लेनेही द्वेष भडकवणाऱ्या कार्यक्रमांत जाहिराती न देण्याचं ठरवलं.

आणि त्याच आठवड्यात तनिष्कची ‘एकत्वम्’ जाहिरात आली.

(दागिन्यांचं दुकान, काचेआडचा प्रकाश.)

मुस्लिम घरातली हिंदू सून. तिचं डोहाळजेवण. सासूने सुनेच्या माहेरची रीत मांडलेली. सून विचारते, ही पद्धत तर तुमच्याकडे नसते ना? सासूचं उत्तर असं की लेकीला आनंदात ठेवण्याची पद्धत तर प्रत्येक घरात असते. याच ब्रँडने २०१३ मध्ये एका आईचं दुसरं लग्न दाखवलं होतं, लेकीला कडेवर घेऊन सप्तपदी चालणारा नवरदेव दाखवला होता. तेव्हा त्याचं कौतुक झालं. यावेळी मात्र ‘लव्ह जिहाद’चा आरोप झाला, बहिष्काराची हाक दिली गेली. काही दिवसांतच जाहिरात मागे घेतली गेली. कंपनीने भावना दुखावल्याबद्दल खेद व्यक्त केला आणि कर्मचारी, भागीदार व दुकानांतल्या लोकांच्या हिताचं कारण दिलं.

हे कारण खोटं नव्हतं. गुजरातेत गांधीधामच्या दुकानात १२ ऑक्टोबरला दोन माणसं आली आणि गुजरातीत माफीनामा लावा म्हणाली. दुकानमालकाने तो दारावर लावला. तरीही धमकीचे फोन येत राहिले, असं पोलिसांनीच सांगितलं.

जाहिरातीची कल्पना मोठ्या शहरातल्या कचेरीत मंजूर झाली असेल. तिचा जाब मात्र गांधीधामच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाला द्यावा लागला. पण तेवढ्यावरून त्या जाहिरातीला आम्ही चूक म्हणणार नाही. ती खरी होती, सुंदर होती. अशी घरं आपल्या देशात आहेत, आणि त्या घरांतल्या सुनांना आपलं डोहाळजेवण पडद्यावर बघायचा हक्क आहे. जाहिरात काढून घेतली तेव्हा त्या घरांना मिळालेला संदेश फार वाईट होता.

अशी जाहिरात दाखवण्याआधीच कंपनीने आपल्या प्रत्येक दुकानदाराशी बोलायला हवं. विरोध होणार हे धरून चालायला हवं. धमकीचा फोन आला तर तक्रार कंपनीच्या नावाने नोंदवायची, वकील कंपनीने द्यायचा, दुकान काही दिवस बंद ठेवावं लागलं तर नुकसान मुख्य कचेरीने सोसायचं, आणि दुकानाच्या दारात पहिल्या दिवशी वरिष्ठ अधिकाऱ्याने स्वतः येऊन उभं राहायचं. तनिष्कमागे टाटांसारखं घराणं होतं. एवढी ताकद ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याकडून ही अपेक्षा मोठी नाही.