सुई टोचल्यानंतरचा पहिला तास

नमस्कार. समोर सिस्टर बसल्या आहेत, ब्रदर आहेत, लॅबमधले तंत्रज्ञ आहेत आणि अगदी मागच्या रांगेत साफसफाई करणाऱ्या मावशी. कामावर झालेल्या इजेच्या भरपाईबद्दल बोलायचं तर मी मावशींपासूनच सुरुवात करतो. कारण वापरलेली सुई कुणीतरी साध्या कचऱ्याच्या पिशवीत टाकतं आणि पिशवी उचलताना ती टोचते मावशींना. सुई कोणत्या रुग्णाची, ते त्यांना कळायला मार्ग नसतो. त्यांचा पगार रुग्णालय देत नाही, कंत्राटदार देतो. मग अपघाताची नोंद करायची कुणी, यावर टोलवाटोलवी सुरू होते.

यंत्रात हात सापडला तर तो सगळ्यांना दिसतो. सुई टोचली की रक्ताचे दोन थेंब येतात, माणूस हात धुतो आणि पुन्हा कामाला लागतो. पण ती सुई संसर्ग असलेल्या रुग्णाची असेल, तर एचआयव्हीचा धोका साधारण ०.३ टक्के असतो. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याचा धोका मात्र ६ ते ३० टक्के. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत आणि २८ दिवस घ्यावी लागतात. हे बहुतेकांना ठाऊक असतं. विसरतं ते पुढचं.

त्याच दिवशी स्वतःचं रक्त तपासून घ्या. त्या दिवशीचा अहवाल निगेटिव्ह आणि काही महिन्यांनी पॉझिटिव्ह, हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. तो नसेल तर ‘आजार आधीपासूनच असेल’ एवढं एक वाक्य तुमचा दावा अडवून ठेवू शकतं. तारीख, वेळ, वॉर्ड, काय करत होतात, शेजारी कोण होतं, हे सगळं लिहून द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठेच राहत नाही.

आता भीतीबद्दल. ‘मीच सुईला टोपण लावत होते, चूक माझीच’ असं म्हणून कितीतरी जणी गप्प बसतात. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. जर्मनीत १८८४ साली कामगार अपघात विम्याचा कायदा झाला. चूक कुणाची ते न बघता भरपाई द्यायची, हप्ता मालकांनी भरायचा आणि त्या बदल्यात कामगाराने सहसा मालकावर दावा लावायचा नाही, हे त्याचं सूत्र. पुढे अनेक देशांनी तेच घेतलं. अशा व्यवस्थेत हातून निष्काळजीपणा झाला म्हणून हक्क सहसा जात नाही. मुद्दाम इजा करून घेतली किंवा नशेत होता, तर गोष्ट वेगळी.

आणखी एक गल्लत. आरोग्य विमा आहे म्हणजे आपण सुरक्षित, असं समजू नका. तो दवाखान्याचं बिल भरतो. रजेत बुडालेला पगार, कायमचं अपंगत्व, मागे राहिलेलं कुटुंब यांच्यासाठी कामावरच्या इजेचं वेगळं संरक्षण लागतं. नोकरी धरताना ते आहे का, हे विचारा. कंत्राटी असाल तर आधी विचारा आणि उत्तर लेखी मागा.

कंबरेचं दुखणं जास्त अवघड, कारण त्याला एक तारीख नसते. वर्षानुवर्षं रुग्ण उचलून पाठ जाते आणि वय झालं म्हणून ते सोडून दिलं जातं. रुग्णाला सरकवताना चमक भरली, तर त्या दिवशीच नोंद करा, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरीही.

आणि नातेवाइकांनी हात उगारला तर? अंगावरचा वळ महिन्याभरात जातो, पण रात्रपाळीला त्या वॉर्डात पाऊल टाकायची धास्ती जात नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० मध्ये व्यावसायिक आजारांची यादी सुधारली, तेव्हा आघातानंतरचा मानसिक ताणविकार तिच्यात घेतला. म्हणून घटनेच्या नोंदीत झोप उडाल्याचंही लिहा आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांच्या कागदावर ते येईल असं बघा.