लोण्याच्या वासातला रेणू

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील घाटमाथ्याच्या गवळीवाड्यांवर म्हशीच्या दुधाचे लोणी घरीच काढतात, आणि ते कढवायचे राहून गेले की त्याला जो खवट वास सुटतो, तो मुख्यतः ब्युटिरिक आम्लाचा असतो. फ्रेंच रसायनज्ञ शेव्रल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे चार कार्बन अणूंचे आम्ल लोण्यातूनच वेगळे केले.

हाच रेणू पेशीत जनुकांच्या कामावरही परिणाम करतो; तो कसा, हे समजण्यासाठी आधी डीएनए पाहू. आपल्या पेशीतील डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. या प्रथिनांच्या बाहेर आलेल्या शेपटांवर लायसिन या अमिनो आम्लाचा धनभार असतो आणि डीएनएवर ऋणभार, म्हणून पकड घट्ट बसते. लायसिनवर अ‍ॅसिटिल हा दोन कार्बन अणूंचा लहान रासायनिक गट चढला की तो धनभार नाहीसा होतो, पकड सैलावते आणि जनुक वाचले जाणे सोपे होते. अशा गटांचा जनुकांच्या कामाशी संबंध असावा, असे जीवरसायनज्ञ व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ मध्ये मांडले. पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात असे आढळले की ब्युटिरेट (ब्युटिरिक आम्लाचे क्षाररूप) घातलेल्या पेशींत हे गट साचत जातात, कारण ते उतरवणारे विकर (एन्झाइम) अडवले जाते.

यावरून तूप खाल्ले की मोठ्या आतड्यातील पेशींना ब्युटिरेट मिळते, असे कुणाला वाटेल; म्हणून येथे एक खुलासा करायला हवा. तुपातील ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या वरच्या भागातच शोषले जाते. मोठ्या आतड्यातील ब्युटिरेट तेथील जिवाणू न पचलेल्या तंतूंपासून तयार करतात. त्यामुळे या बाबतीत श्रेय द्यायचेच तर ते तुपाला नव्हे, जोंधळ्याच्या भाकरीला द्यावे लागेल.

गट उतरवणारे विकर मात्र बरीच वर्षे हाती लागले नाही. १९९६ मध्ये रसायनज्ञ स्टुअर्ट श्रायबर आणि सहकाऱ्यांनी बुरशीत सापडणाऱ्या आणि हेच विकर अडवणाऱ्या ट्रॅपॉक्सिन या रेणूच्या धर्तीवर एक आमिष तयार केले, ते घन कणांना जोडले आणि त्यावरून पेशीकेंद्रकांचा अर्क सोडला. जे प्रथिन त्याला चिकटून राहिले, तेच हे विकर होते, आणि ते यीस्टमधील जनुकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या, आधीच माहीत असलेल्या एका प्रथिनाचे जवळचे भावंड निघाले. रासायनिक जीवशास्त्राची ताकद ज्या प्रयोगांतून दिसली, त्यांत हा प्रयोग फार वरचा आहे. याच वर्गातील विकरांच्या गाभ्यातील जस्ताला धरून बसणारे व्होरिनोस्टॅट हे औषध २००६ मध्ये त्वचेच्या एका लिम्फोमासाठी (लसिकापेशींच्या कर्करोगासाठी) अमेरिकेत मंजूर झाले.

बेळगाव, निपाणी किंवा चिक्कोडीच्या औषध दुकानांत फिट्ससाठी चिठ्ठीवर मिळणारे व्हॅल्प्रोएट हेही ब्युटिरेटसारखेच एक लहान मेदाम्ल आहे. ते याच विकरांना अडवते, हे २००१ मध्ये उघड झाले, म्हणजे औषध अनेक दशके वापरात असताना. गरोदरपणात ते घेतल्यास बाळात जन्मजात दोष येऊ शकतात, आणि त्यामागे हिस्टोनवरील या गटांची उलथापालथ हे एक कारण असावे, असे संशोधक मानतात.