थांबलेले चित्र, सरकती नजर
(रत्नागिरी येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, कोकण रेल्वेची गाडी न थांबता एखादे छोटे स्टेशन ओलांडते, तेव्हा फलाटावरच्या पाटीवरील नाव वाचण्याची धडपड आपण सर्वांनीच केलेली आहे. नजर खिडकीच्या गजावर खिळवली, तर पाटीचा पिवळा फराटा तेवढा दिसतो. पाटीबरोबर नजर सरकवली, तर नाव वाचता येते आणि गज पुसट होतो. मॉनिटरवर हलत्या चित्राला जो पुसट फराटा पडतो, त्याचे मूळ याच अनुभवात आहे.

हलत्या वस्तूमागे डोळा अखंड सरकत असतो. पडद्यावरची वस्तू मात्र सरकत नाही, ती उड्या मारत जाते. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या, एलसीडीवर (आजच्या सपाट पडद्यावर) प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद जागच्या जागी उजळलेले राहते आणि तेवढ्या वेळात नजर पुढे गेलेली असल्यामुळे ते थांबलेले चित्र नेत्रपटलावर फरकटते. १९२० पिक्सेल (चित्राचे ठिपके) रुंदीचा पडदा दोन सेकंदांत ओलांडणाऱ्या वस्तूला अशाने १६ पिक्सेलांचा फराटा पडतो. पिक्सेल कितीही झटपट रंग बदलत असला, तरी तो फराटा हटत नाही. मॉनिटरच्या खोक्यावर ठळक छापलेला ‘१ मिलिसेकंद’ हा रंग बदलण्याचा वेळ ही गोष्ट सोयीस्करपणे गाळतो. जुन्या सीआरटी, म्हणजे काचेच्या नळीच्या, पडद्यावरचा प्रत्येक ठिपका मात्र क्षणभर चमकून विझत असे, म्हणूनच त्या अवजड डब्यावर हलते चित्र रेखीव दिसे.

एलसीडीवर हाच परिणाम साधायचा, तर प्रत्येक चित्राला बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, केवळ १ मिलिसेकंद पेटवायचा. फराटा एका पिक्सेलवर येतो, परंतु दिवे अधिक प्रखर केले नाहीत, तर उजेड सुमारे सहा टक्केच उरतो, आणि पडदा लुकलुकू लागतो.

ही लुकलुक कोणत्या वेगाला जाणवेनाशी होते, याचा एकच ठरावीक आकडा नाही. प्रकाश जितका प्रखर, तितकी ही मर्यादा वर सरकते. फेरी आणि पोर्टर यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम तेच सांगतो. शिवाय डोळ्याच्या कडेला लुकलुक अधिक जाणवते, त्यामुळे ६० हर्ट्झचा सीआरटी समोरून स्थिर आणि तिरक्या नजरेला थरथरता वाटत असे. नजर झटक्याने फिरली, तर मर्यादा आणखी पुढे जाते. रात्री परशुराम घाटात पुढच्या मोटारीच्या एलईडी दिव्यांवरून नजर चटकन वळवली असता काही वेळा लाल ठिपक्यांची माळ दिसते, ती यामुळेच. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या संशोधनात ५०० हर्ट्झलाही असे परिणाम माणसांना जाणवल्याचे आढळले.

तेव्हा ६० हर्ट्झला बॅकलाइट लुकलुकवणे मला तरी पटत नाही. पडदा १२० हर्ट्झचा किंवा त्याहून अधिक असेल, तर वेगवान खेळापुरते ते चालू ठेवावे आणि मजकूर वाचताना बंद करावे. न लुकलुकता फराटा घालवण्याचा मार्ग म्हणजे चित्रेच वाढवणे. २४० हर्ट्झला तो चार पिक्सेलांवर येतो, पण एका पिक्सेलसाठी हजार हर्ट्झच्या आसपास जावे लागते.

मघाशी एका डीटीपी करणाऱ्या ताईंनी विचारले की, आपला पडदा लुकलुकतो हे घरी कसे ओळखावे. खोलीतले दिवे मालवून पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल झपाट्याने हलवावी. सलग पुसट पट्टा दिसला, तर उजेड स्थिर आहे. सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या, तर तो तुटक आहे. ब्राइटनेस कमी करूनही हे एकदा पाहावे, कारण पुष्कळ पडदे उजेड मंद करण्यासाठीच दिवे भराभर विझवतात आणि पेटवतात.