मोजलेली हवा

[दृश्य: मे महिना, पहाटेचे साडेपाच. मानेवाड्यातलं एक अंगण. कडुनिंबाखाली उभी असलेली पांढरी गाडी, बॉनेट उघडं. खिडकीतल्या कूलरचा आवाज.]

निवेदन:

मे महिन्यात नागपुरात गाडीचं काम करायचं तर पहाटेच. नऊ वाजले की बॉनेटला हात लावता येत नाही, आणि दुपारी पाना उन्हात राहिला तर उचलायला फडकं घ्यावं लागतं. गाडी रात्रभर अंगणात उभी ठेवली आहे ती मुद्दाम. आज इंजिनला हवा वाटणारा भाग, इनटेक मॅनिफोल्ड, खोलायचा आहे आणि त्याला इंजिन पूर्ण थंड लागतं.

बारा वर्षं जुनी पेट्रोल गाडी. चार सिलिंडर, बाराशे सीसी, पाटीवर एमएच ३१. महिनाभरापूर्वी तिला एक खोड लागली. सिग्नलवर थांबलं की इंजिनच्या फेऱ्यांचा काटा आपोआप दीड हजारावर चढायचा, खाली पडायचा, पुन्हा चढायचा. पाय तर ॲक्सिलरेटरवर नाहीच. आणि बॉनेटच्या आतून एक बारीक शिट्टी. एका गॅरेजमध्ये सांगितलं, हवा कमीजास्त सोडणारी झडप, म्हणजे थ्रॉटल बॉडी, बदला. मी गाडी परत आणली आणि शेजारच्या काकांना ती शिट्टी ऐकवली.

काका एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झाले. सगळं आयुष्य डिझेल बसमध्ये गेलं. ते वाकून बराच वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "ही हवा बाहेर नाही चालली बेटा. आत येऊन राहिली."

[दृश्य: इंजिनच्या मागच्या बाजूला काळ्या प्लॅस्टिकच्या चार वाकलेल्या नळ्या. कॅमेरा त्यांच्यावरून सावकाश फिरतो.]

हा इनटेक मॅनिफोल्ड. एअर फिल्टरमधून गाळून आलेली हवा थ्रॉटलमधून इथे येते आणि या चार नळ्यांतून चार सिलिंडरांना वाटली जाते. इंजिन साडेसातशे आरपीएमवर नुसतं उभं असतं तेव्हाही चार सिलिंडर मिळून मिनिटाला दीड हजार श्वास घेतात. थ्रॉटल जवळजवळ बंद, आणि खालून पिस्टन ओढत असतात. त्यामुळे मॅनिफोल्डच्या आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश उरतो. म्हणून इथे फट पडली की तेल टिपकत नाही, पाणी गळत नाही, जमिनीवर काही खूण राहत नाही. बाहेरची हवा गुपचूप आत शिरते आणि शिट्टी वाजते.

पेट्रोल नीट जळायला एक ग्रॅमला १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलला आपल्या उन्हाळ्यातली जवळजवळ दहा हजार लिटर हवा. गच्चीवरच्या हजार लिटरच्या दहा टाक्या डोळ्यांसमोर आणा. गाडीतला संगणक ही हवा सतत मोजत असतो आणि त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. जी हवा हिशेबात नाही, ती सगळं बिघडवते.

नागपूरकराला हे कूलरवरून लगेच कळेल. कूलरची एक ताटी चौकटीत नीट बसली नाही, तर पंखा तेवढ्याच जोराने फिरतो, आवाजही तोच येतो. पण हवा ओल्या गवतातून न येता त्या फटीतून येते, आणि खोली गार होत नाही. आपण काय करतो? पंखा बदलत नाही. ताटी काढून पुन्हा बसवतो.

आमच्या गाडीत मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर आहे. चोरवाटेने हवा आली की दाब वाढतो. संगणकाला वाटतं, चालवणाऱ्याने पाय दिला. तो पेट्रोल वाढवतो, काटा चढतो. मग त्याला वाटतं फार झालं, तो पेट्रोल तोडतो, काटा पडतो. सिग्नलवरचा तो सगळा चढउतार हाच. ज्या गाड्यांत हवा थ्रॉटलच्या आधीच मोजतात, तिथे ही आगंतुक हवा मोजलीच जात नाही. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि गाडी मिसिंग मारते, म्हणजे झटके देते. दुखणं तेच, लक्षण वेगळं.

[दृश्य: झाडांना पाणी मारायची फवारणीची बाटली. मॅनिफोल्डच्या सांध्यावर साबणाचं पाणी.]

खात्री करायला आदल्या दिवशी साबणाचं पाणी वापरलं. गाडी चालू ठेवून सांध्यांवर थोडं थोडं फवारलं. तिसऱ्या नळीच्या मुळाशी फेस आत ओढला गेला, शिट्टी थांबली, काटा दोन क्षण स्थिर झाला. काही जण हीच तपासणी कार्बोरेटर क्लीनरने करतात. तापलेल्या इंजिनवर पेट घेणारा फवारा मारणं मला मान्य नाही. पाण्याने भागतं.

[दृश्य: फरशीवर पसरलेली जुनी चादर. त्यावर गोटीपाने, एक्स्टेन्शन, टॉर्क रिंच, मास्किंग टेप, पेन. बाजूला आग विझवायचा सिलिंडर.]

आधी पेट्रोलच्या लाइनमधला दाब उतरवला: पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू केली, ती आपोआप बंद पडेपर्यंत थांबलो. आमच्या गाडीत पेट्रोल फवारणारे इंजेक्टर इंजिनच्या वरच्या भागात, हेडमध्ये बसतात, त्यामुळे पेट्रोलची लाइन उघडावी लागत नाही. तरी दाब उतरवलाच. ज्यांच्या गाडीत इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी, रेल, मॅनिफोल्डवर असते, त्यांना ही पायरी टाळताच येणार नाही. मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल, दहाचा पाना.

आता पाइप. हवेची नळी निघाली की थ्रॉटल बॉडी दिसते आणि तिच्याभोवती पाइपांचं जाळं. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरकडे जाणारा जाड पाइप. इंजिनमधली तेलकट वाफ परत आणणारा एक. पेट्रोलच्या टाकीतली वाफ साठवणाऱ्या डब्यातून, कॅनिस्टरमधून आणणारा बारीक एक. थ्रॉटलखालून कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे दोन. प्रत्येकाला टेपचा तुकडा, त्यावर आकडा. तोच आकडा ज्या तोंडावरून तो निघाला तिथेही. वर फोटो. पाच पाइप तर आहेत, लक्षात राहतील, असं त्या वेळी नक्की वाटतं. चार तासांनी, घामाने डोळे चुरचुरत असताना, राहत नाहीत.

कूलंट सांडू देऊ नका. ते चवीला गोड असतं, आणि त्यातलं इथिलीन ग्लायकॉल कुत्र्या-मांजरांचा जीव घेतं. आमच्या गल्लीतली भुरी कुत्री याच गाडीखाली झोपते. आम्ही खाली परात ठेवली आणि थेंब न थेंब बाटलीत भरून झाकण लावलं.

इथे माझ्या हातून एक चूक झाली. सेन्सरचा कनेक्टर निघेना, म्हणून मी ओढला. बारा उन्हाळे सोसलेलं प्लॅस्टिक ते, कुडकन खुटी तुटली. काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "काऊन घाई करून राहिली? आधी दाब, मंग काढ." तो कनेक्टर नवा आणावा लागला. रबरी पाइपांचंही तसंच असतं. चिकटलेला पाइप ओढायचा नाही, जागच्या जागी फिरवायचा. फिरला की सुटतो. वाकवल्यावर ज्याच्या अंगावर बारीक भेगा दिसल्या, ते दोन पाइप तिथल्या तिथे बाद केले.

[दृश्य: अंधार. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मॅनिफोल्डच्या खालचं चित्र. एक गंजलेला बोल्ट.]

या कामाचा अर्धा वेळ एकाच बोल्टने खाल्ला.

मॅनिफोल्डच्या खाली आधाराची एक पट्टी असते, इंजिन ब्लॉकला जोडलेली. तिचा बोल्ट वरून दिसत नाही, खालून धड पोचता येत नाही. वरचे सगळे बोल्ट काढले, मॅनिफोल्ड हलतो आहे पण निघत नाही, म्हणजे हाच राहिला. अशा वेळी जोर लावला तर प्लॅस्टिकचा तडा ठरलेला. काकांनी डोळे मिटले, हात खाली घातला आणि बोटांनी बोल्टचं डोकं शोधलं. "बारा नंबर," म्हणाले. लांब एक्स्टेन्शन, त्याला वाकणारा सांधा, पुढे बाराची गोटी. गोटी पूर्ण बसल्याची खात्री होईपर्यंत जोर नाही. अर्धवट बसलेली गोटी डोकं गोल करते आणि मग ते काम अंगणातलं राहत नाही. गंज सोडवायचं तेल मारलं, वीस मिनिटं थांबलो. काकूंनी चहा आणला. चहानंतर तो सुटला.

वरचे बोल्ट सोडवायचे ते कडांकडून मध्याकडे, प्रत्येकाला अर्धा फेरा, मग पुढचा. एकाच बाजूने पूर्ण सोडत गेलं तर मॅनिफोल्ड तिरपा ताणला जातो.

[दृश्य: मॅनिफोल्ड हातात उचलला जातो. इंजिनच्या हेडवर चार काळी भोकं.]

निघाला. आणि आता पहिली गोष्ट, कौतुक करण्याच्याही आधी: भोकं बंद करायची.

चार भोकं, चार फडकी. स्वच्छ, धागे न सुटणारी. मोजून. या भोकांतून सरळ सिलिंडरच्या झडपांकडे, व्हॉल्व्हकडे वाट जाते. एक वॉशर आत पडला, तर व्हॉल्व्ह वाकू शकतो, पिस्टन फुटू शकतो. काकांनी गाडीच्या काचेवर मार्करने लिहून ठेवलं: फडकी ४.

मॅनिफोल्डच्या आत तेलाचा पातळ थर होता. वाफेसोबत येतो तेवढा, घाबरण्यासारखं नाही. व्हॉल्व्हच्या पाठी बऱ्यापैकी स्वच्छ होत्या, कारण आमच्या गाडीत पेट्रोलचा फवारा व्हॉल्व्हच्या पाठीवरच पडतो आणि ती धुतली जाते. ज्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडतात, तिथे ही धुलाई होत नाही आणि काळा कार्बन साचत जातो. डिझेलमध्ये परत फिरवलेल्या धुराची काजळी असते. ती साफ करणं हे वेगळंच काम.

आणि हे रबर. जुनं आणि नवं शेजारी ठेवा.

[दृश्य: तळहातावर दोन गॅस्केट.]

हे गॅस्केट, मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यातली फट बुजवणारं. मेकॅनिक याला पॅकिंग म्हणतात. नव्याची कड गोलसर, दाबली की दबते, सोडली की वर येते. जुन्याची चपटी, नखाला लागेल अशी कडक. इंजिनची धग आणि आपला पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा, रोज तापणं, रोज निवणं, यात रबराचं लवचीकपण जातं. महिनाभर गाडीला रडवणारा भाग हा एवढासा होता.

हेडचा पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या पट्टीने साफ केला. ॲल्युमिनियम मऊ असतं. लोखंडी पातं लागलं तर ओरखडा पडतो आणि तीच नवी फट होते. सँडपेपर तर अजिबात नाही, त्याची पूड तेलात जाऊन बेअरिंग खाते. मॅनिफोल्ड साबणाच्या पाण्याने धुतला, तडे पाहिले आणि उन्हात ठेवला. तोवर नऊ वाजले होते. तासाभरात आतून-बाहेरून कोरडा.

नव्या गॅस्केटवर सिलिकॉन फासायची सवय अनेकांना आहे. मॅन्युअल सांगत नसेल तर फासू नका. हे रबर आपल्या खाचेत कोरडंच बसण्यासाठी बनलेलं आहे. जास्तीचं सिलिकॉन सुटून आत जातं.

[दृश्य: काका एकेक फडकं काढून बोनेटच्या कडेवर ठेवतात.]

"एक. दोन. तीन. चार." काचेवरचा आकडा पुसला.

बोल्ट आधी हाताने लावले. चार-पाच आटे बोटांनी फिरले पाहिजेत, तरच पाना. मग मध्यापासून कडांकडे, दोन फेऱ्यांत, टॉर्क रिंचने, म्हणजे ठरलेला जोर झाला की वाजणाऱ्या पान्याने. आमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये २३ न्यूटन मीटर आहे. हा आकडा तुमच्या गाडीला लावू नका, तुमचा तुमच्या मॅन्युअलमध्ये पाहा. कमी आवळलं तर हवा शिरते, जास्त आवळलं तर प्लॅस्टिक दबतं किंवा हेडमधले आटे जातात. काकांनी आयुष्यभर हाताच्या अंदाजाने बसचे बोल्ट आवळले. रिंचचा "कट" आवाज झाला तेव्हा ते म्हणाले, "माझा हात इथं चुकला असता. बसचा हात आहे हा."

खालचा बोल्ट विसरू नका. पट्टी सुटी राहिली तर मॅनिफोल्ड थरथरून तडकतो.

[दृश्य: स्कॅनरचा छोटा पडदा.]

आकडे पाहून पाइप लावले, पंपाचा फ्यूज परत बसवला, बॅटरी जोडली. संगणकाचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावला. चावी फिरवली, गाडी चालू केली नाही. सेन्सरने दाब दाखवला ९७ किलोपास्कल. समुद्रकाठी हाच आकडा १०१ असतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, म्हणून आपली हवा तेवढी हलकी. सेन्सर बरोबर आहे, हे त्यावरून कळलं.

मग स्टार्टर. पहिली काही मिनिटं इंजिन थोडं चाचपडलं. बॅटरी काढल्यावर संगणक आपला आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनचा वेग, पुन्हा शिकतो. त्याला शिकू द्यावं, मध्ये रेस करू नये. आदल्या दिवशी मॅनिफोल्डचा दाब ४८ दाखवत होता. तो उतरत उतरत ३४ वर थांबला. शिट्टी नाही. जागचं हलण्याआधी ब्रेक तपासला, कारण बूस्टरचा पाइप आपणच काढला होता. गाडी बंद असताना पेडल दोन-चारदा दाबून कडक करायचं, पाय तसाच ठेवून गाडी चालू करायची. पेडल थोडं खाली गेलं. बूस्टर चालतो आहे.

[दृश्य: वर्धा रोड, अजनी चौक. सिग्नल लाल. डॅशबोर्डवरचा काटा.]

अजनी चौकात थांबलो. काटा साडेसातशेवर. काका शेजारी बसले होते, रुमालाने मान पुसत. "एसी लाव," म्हणाले.

मी बटण दाबलं. कॉम्प्रेसर लागला. काटा जरासा दबला, परत वर आला, आणि तिथेच राहिला.

[काटा. सिग्नल हिरवा होतो.]