बाहुलीचं कपाट कोणी लावायचं?

मंडळी, पंखे बंद ठेवा अशी विनंती करणार होते. पण सोलापूरचा मे महिना आणि ही भरलेली खोली बघून ती मागे घेते. टेबलावरच्या बाहुल्या उडाल्या, तर ज्यांच्या मांडीवर पडतील त्यांनी त्या कपड्यांसकट परत आणून द्याव्यात. (हशा) हसू नका, विषय इथूनच सुरू होतो. कागदी बाहुलीचा पहिला शत्रू पंखा. दुसरा कोण ते थोड्या वेळाने सांगते, कारण तो बहुधा समोरच्याच रांगेत बसलाय.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘कागदी बाहुल्यांचा संग्रह कसा लावावा’. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, हे कपाट मुलानेच लावायचं, आणि म्हणून ते पाच वर्षांच्या हाताला लावता येईल असं बेतायचं. खेळ संपला की आई वैतागून सगळं एका डब्यात कोंबते, किंवा हौशी बाबा फाइलमध्ये सुंदर लावून उंच फळीवर ठेवतात. दोन्ही घरांत बाहुली महिन्याभरात विस्मरणात जाते. लहान मुलाला कपडे चढवण्याइतकीच उतरवून जागेवर ठेवण्यात गंमत वाटते. भातुकलीत भांडी घासायला किती मारामारी असते ते आठवा. खरी भांडी घासायला कोणी येत नाही, तो भाग वेगळा.

पण लावायच्या आधी बाहुली धड हवी. वाकडी बाहुली कुठल्याच पाकिटात सरळ राहत नाही.

1810 साली लंडनच्या फुलर या प्रकाशकांनी मुलांसाठी गोष्टीचं एक पुस्तक काढलं. त्यात पोशाख केलेली कागदी अंगं वेगवेगळी आणि डोकं मात्र एकच. गोष्ट पुढे सरकेल तसं ते डोकं एका पोशाखातून काढून दुसऱ्यात खोचायचं. कल्पना झकास, पण अंगं पुष्कळ आणि डोकं एक म्हटल्यावर ते हरवलं की सगळी गोष्टच बिनडोक! (हशा) आपण आज उलट करतो, अंग एक आणि कपडे अनेक. तरी मान हा दुबळा भाग तेव्हाही होता, आजही आहे. म्हणून बाहुली काढताना मान बारीक काढू नका. केस मोकळे किंवा वेणी खांद्यावर घेतलेली दाखवा, म्हणजे मानेच्या बाजूला कागद आपोआप राहतो. हात आणि कंबर यांच्यामधली फट कापायची नाही. कापली की हात आठवड्यात लोंबतो.

मापं लिहून घ्या. बाहुली 18 सेंटिमीटर उंच. का, ते पाकिटाच्या वेळी कळेल. अंगासाठी 250 ते 300 जीएसएमचा कार्डपेपर. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तितका कागद जाड. विकत घ्यायलाच हवा असं नाही, घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतोच. फक्त आतली साधी, कोरी बाजू घ्या. चकचकीत किंवा सोनेरी छपाईवर ना डिंक बसत, ना खडू. कपड्यांना 100 ते 120 जीएसएम. झेरॉक्सचा साधा कागद 70-75 चा असतो, त्याचा परकर दुसऱ्या दिवशी केळीच्या पानासारखा मान टाकतो. आणि 300 चा कार्डपेपर कपड्याला वापरलात तर घडी मोडत नाही, फुटते.

कागदालाही सुतासारखा उभा-आडवा धागा असतो, हे सोलापुरात समजावून सांगायची गरज नाही. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो, ती घडी धाग्याला समांतर. बाहुलीच्या अंगात धागा डोक्यापासून पायापर्यंत उभा हवा, म्हणजे ती कमरेत वाकत नाही. कपड्यात मात्र आडवा, कारण कपडा बाहुलीला अडकवणारी खांद्यावरची पट्टी आडव्या घडीने मागे जाते आणि धाग्याला समांतर घडी तडकत नाही.

आता पट्ट्या. कपडा पडतो तो बहुतेक वेळा याच ठिकाणी चुकल्यामुळे. पट्टी 12 मिलिमीटर रुंद आणि 15 लांब ठेवा. मुलं स्वतः काढतात तेव्हा ती पाच मिलिमीटरची काढतात आणि फ्रॉक घसरला की बाहुलीवर रागावतात. खांद्यावर दोन, कमरेला दोन. घडीच्या रेषेवर फूटपट्टी धरून संपलेली रिफिल एकदा दाबून ओढायची, मग दुमडायचं. सगळ्यात मोठा घोटाळा कापताना होतो. मूल कडेकडेने इतकं मन लावून कापतं की पट्ट्याही साफ उडवतं. म्हणून कापण्याआधी पट्ट्यांवर पिवळ्या खडूने तिरप्या रेघा मारायच्या आणि सांगायचं, पिवळं कापायचं नाही. आधी ढोबळ कापून तुकडा सुटा करायचा, मग बारीक. आणि कात्री न वळवता कागद वळवायचा.

साडीचा प्रश्न नेहमी येतो. पाचवारीला उजव्या खांद्यावर एकच पट्टी द्या. डावीकडे पदरच चार सेंटिमीटर जास्त काढून मागे दुमडा, तोच तिला धरून ठेवतो. नऊवारीसाठी बाहुलीचे पाय जुळलेले नकोत, बोटभर अंतर हवं. नाहीतर काष्टा घातलाय हे कळतच नाही, ती लुंगी वाटते. इरकलीचे काठ काढायला फूटपट्टी वापरू द्या, रंग मात्र मुलाला निवडू द्या. जांभळ्या काठाला पोपटी अंग आलं तरी बोलायचं नाही.

तर आता दुसरा शत्रू. लॅमिनेशन!

आपल्याकडे प्रेम दाखवायची एक पद्धत झालीय, वस्तू आवडली की ती प्लॅस्टिकमध्ये बंद करायची. रेशनकार्ड झालं, कुंडली झाली, आता बाहुली. अंगाला एक वेळ चालेल असं काहीजण म्हणतात. तेही चालत नाही. लॅमिनेट केलेलं अंग गुळगुळीत होतं. कागदी कपडा अंगावर टिकतो तो कागदाला कागद अडतो म्हणून. एक बाजू गुळगुळीत झाली की मोजून दिलेल्या चार पट्ट्याही त्याला धरत नाहीत. कपडे लॅमिनेट केले तर आणखीच गंमत. 125 मायक्रॉनचा पाऊच दोन्ही बाजूंनी बसला की पट्टी दुमडत नाही. दाबा, ती स्प्रिंगसारखी परत उभी राहते. मग आई चिकटपट्टी लावते. त्याबद्दल बोलतेच.

मेणखडूने रंगवलेलं चित्र गरम मशीनमधून गेलं की मेण वितळतं. ओठांचा लाल हनुवटीवर येतो, काजळ गालावर. मूल रडतं आणि आपण सांगतो, ‘अगं, आता ती कायम टिकेल.’ तेच तर दुःख आहे! आणि इतकं करून टिकतं का? बाहुलीच्या आकाराने कापताना प्लॅस्टिकची चिकटलेली कड कापली जाते, तिथून ओल आत शिरते, थर सुटतात आणि मध्ये कागद फुगतो. काढता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे त्यावर पेन्सिल उठत नाही. उद्या पोरीला वाटलं बाहुलीला चष्मा लागला, तर चष्मा काढायचा कुठे?

चिकटपट्टीचं असं की ती आज पारदर्शक दिसते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तिचा डिंक पाझरतो आणि शेजारचा कपडा तिला चिकटतो. पुढे पट्टी वाळून गळते, तपकिरी डाग तेवढा राहतो. मान फाटली तर मागून पातळ कागदाची बोटभर पट्टी लावा. फेव्हिकॉल अगदी थोडा, बोटाने पसरून, वर कोरा कागद आणि जाड पुस्तक, रात्रभर. जास्त लावला की कागदाला लाटा येतात. पिठाची खळ लावू नका, कसरीला ती फार प्रिय. रबरबँड नको, उन्हाने विरघळून कडांना बसतो. टाचणी आणि स्टेपल नको, गंजतात.

मग जपायचं कसं? मूळ चित्राचा कागद न कापता ठेवून द्या आणि मुलाला रंगीत प्रत काढून द्या. 1951 च्या मे महिन्यात ‘मॅकॉल्स’ या अमेरिकन मासिकात बेट्सी मॅकॉल नावाची कागदी बाहुली सुरू झाली. अशा छापील बाहुल्यांची न कापलेली पानं आज संग्राहक कापलेल्यांपेक्षा जास्त मोलाची मानतात. पण हा मोठ्यांचा छंद झाला. मुलाच्या हातात कापलेलीच हवी.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी तुम्ही आलात ते आता सुरू. (हशा) भराभर सांगते.

पहिलं, खूण. परीट बिब्ब्याने कपड्यावर खूण करायचा, गावभरचे कपडे एकत्र भिजले तरी ज्याचे त्याच्या घरी जायचे. तेच इथे. प्रत्येक बाहुलीला एक खूण, आंबा, पोपट, पतंग. तीच तिच्या प्रत्येक कपड्यामागे, वाचता न येणाऱ्या मुलालाही ओळखता येते. खुणेपुढे आकडा. 2 बी पेन्सिलनेच, कारण स्केचपेन पुढच्या बाजूला फुटतं. आकडा कशाला? आपल्या चादरींची नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागाची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पानं क्रमाने ओवलेली असतात, एक पान हललं की फूल बिघडतं. इथे फूल बिघडणार नाही, पण ‘पोपट, 5’ हरवलाय हे लगेच कळतं.

दुसरं, वाटणी बाहुलीप्रमाणे करा. सगळ्या साड्या एकीकडे, सगळे फ्रॉक दुसरीकडे हे दुकानाला ठीक. मुलाला ‘माझी पोपटवाली आणि तिचे कपडे’ असंच आठवतं. शिवाय एकीचा कपडा दुसरीला खांद्यात बसत नाही.

तिसरं, पाकीट. नऊ बाय चार इंचाचं लांब पाकीट, म्हणजे साधारण 23 बाय 10 सेंटिमीटर. 18 सेंटिमीटरची बाहुली त्यात सहज मावते, म्हणून ते माप. कपडा पट्ट्या उघडून 9 सेंटिमीटरच्या आत हवा, घागऱ्याचा घेर तेवढ्यातच आवरा. पाकिटावर खूण आणि बाहुलीचा छाप काढा, आत किती कपडे तो आकडा. एका पाकिटात एक बाहुली आणि आठ कपडे, पुरे. जास्त झाले की पट्ट्या मोडतात. ठेवताना पट्ट्या सपाट करून.

चौथं, डबा. मोठ्या माणसाच्या बुटांचा खोका साधारण 30 बाय 18 बाय 11. पाकिटं लांबीला समांतर, आडव्या कडेवर उभी. पाकीट पाच मिलिमीटर धरलं तरी तीस बसतात, आणि टोकाला सात सेंटिमीटर जागा उरते, तिथे बाहुली उभी करायचा स्टँड. स्टँडखाली पाच रुपयांचं नाणं चिकटवा, म्हणजे पंख्याला उत्तर मिळालं. मिठाईचा खोका नको, तुपाचा डाग आणि मागून मुंग्या. खोका माळ्यावर नको, पत्र्याखाली तर नकोच. मुलाच्या कमरेच्या उंचीवर ठेवा.

पाचवं, एक पाकीट ‘घर शोधतोय’ या नावाचं. खूण नसलेला बूट, एकटी टोपी, मालक न सापडलेला परकर त्यात. शनिवारी ते उघडायचं आणि घरं शोधायची, हा वेगळा खेळच होतो. सापडलं नाही तर नवी बाहुली त्या परकराच्या मापाने काढायची.

प्रश्न नंतर टेबलापाशी विचारा. ज्यांना कापून बघायचंय त्यांनी पुढे यावं, बोथट टोकाच्या कात्र्या ठेवल्यात. मोजून बारा आहेत, जाताना बाराच दिसू द्यात.