उद्यमबागेतली लेथ आणि ३१ नंबरची पिन

दृश्य : चक फिरतोय, कॅरेज जागेवर

चक फिरतोय बघा, त्याच्या मागं बसवलेला, फेरे मोजणारा एन्कोडरपण फिरतोय, पण खालचा लीडस्क्रू, म्हणजे टूल धरणारं कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू, काही हलत नाही. बेळगावच्या उद्यमबागेतलं हे एक छोटं शेड. फौंड्रीतनं आलेली कास्टिंगं टर्न करायची, आटे पाडून द्यायचे, हेच इथलं काम. ही लेथ मालकांच्या वडिलांनी घेतलेली, बेड अजून सरळ आणि स्पिंडल घट्ट. असली मशीन भंगारात घालायची नाही असं इथल्या सगळ्यांचं ठाम मत आहे आणि आमचंपण तेच आहे.

आटे पाडताना स्पिंडलच्या एका फेऱ्यात टूल नेमकं पिचएवढंच सरकलं पाहिजे, दीड मिलिमीटरचा आटा तर दीडच मिलिमीटर. त्यासाठी हे चेंज गिअर, भिंतीला टांगलेत ते, पिच बदलला की काढा आणि दुसरे घाला. येळ्ळूरहून रोज गाडीवर येणारा हा पोरगा, डिप्लोमा झालाय त्याचा, त्यानं ठरवलं की गिअर काढून लीडस्क्रूला स्टेपर मोटर (दर पल्सला, म्हणजे विजेच्या एका ठोक्याला, ठराविक पाऊलभर फिरते ती) लावायची आणि मधलं गणित एका छोट्या कॉम्प्युटर बोर्डनं करायचं.

दृश्य : बोर्ड, जवळून

हा बीगलबोन ब्लॅक, २०१३ साली आलेला. १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, वर डेबियन लिनक्स. पण लिनक्सला एकाच वेळी शंभर कामं असतात, नेमक्या क्षणी पल्स सोडायला तो मोकळा असेलच असं नाही, आणि आट्यात एक पल्स जरी चुकली तरी जॉब गेला. म्हणून त्याच चिपमध्ये बसवलेले दोन छोटे कोप्रोसेसर वापरायचे, पीआरयू म्हणतात त्यांना. प्रत्येक २०० मेगाहर्ट्झचा, बहुतेक सूचना ५ नॅनोसेकंदात उरकतो, आणि मधे कुणी येत नाही. १००० पल्सचा एन्कोडर, दोन्ही चॅनलच्या दोन्ही कडा (सिग्नल चढतो ती आणि उतरतो ती) मोजल्या की एका फेऱ्याला ४००० कडा. लेथ ३०० आरपीएमवर असली की सेकंदाला २०,००० कडा, म्हणजे दोन कडांच्या मधे पीआरयूला १०,००० सूचनांएवढा वेळ मिळतो. भरपूर झाला.

आता मूळ भानगड. एन्कोडर वाचला जात होता, स्क्रीनवर आकडा वाढतोय बघा, पण पल्स बाहेर पडत नव्हती. एन्कोडर ५ व्होल्टचा आणि बोर्डच्या पिना ३.३ व्होल्टच्या, मधे व्होल्टेज जुळवणारा लेव्हल शिफ्टर आहे (तो नसला तर बोर्डच जातो, हे लक्षात ठेवा), वायरिंग परत परत तपासलं, मोटर चालवणारा ड्रायव्हर बदलून बघितला. मोटर गप्पच.

या बोर्डवर जवळजवळ प्रत्येक पिनेला आठ मोड असतात, ० ते ७. सातवा म्हणजे जीपीआयओ, साधी चालू-बंद करायची पिन. पी९ हेडरची (बोर्डवरच्या पिनांच्या एका पट्टीची) ३१ नंबरची पिन पाचव्या मोडला पीआरयूचं आउटपुट होते आणि सहाव्याला इनपुट. त्यानं एन्कोडर २७ आणि ३० वर घेतलेला, त्या पिना मोकळ्या होत्या म्हणून चालल्या. मोटरची स्टेप पल्स ३१ वर आणि दिशेचा सिग्नल २९ वर, आणि या दोन्ही पिना बोर्डनं चालू होतानाच एचडीएमआयच्या आवाजासाठी अडवून ठेवलेल्या! लेथला आवाज कशाला पाहिजे? पिनेचा मोड बदलणारी कॉन्फिग-पिन कमांड दिली की 'पिनमक्स फाइल नॉट फाउंड' एवढंच यायचं, त्यावरून वाटायचं सॉफ्टवेअरच नीट बसलेलं नाही.

हे बघा, बूट फोल्डरमधली यूएन्व्ह फाइल, बोर्ड चालू होताना काय काय घ्यायचं ते हिच्यात लिहिलेलं असतं. एचडीएमआय ऑडिओ बंद करायच्या ओळीसमोरची हॅशची खूण काढली, रीबूट केलं, परत कमांड दिली, आणि पिनेनं पीआरयू आउट हा मोड घेतला. स्क्रीनपण चालू राहिला, कारण चित्राची ओळ वेगळी असते, तिला हात लावला नाही.

तरी मोटर फिरेना. आता पीआरयूच सुरू होत नव्हता. त्याच फाइलमध्ये पीआरयूसाठी दोन प्रकारच्या ओळी असतात, यूआयओच्या आणि रिमोटप्रॉकच्या, पीआरयूवर प्रोग्रॅम चढवायच्या या दोन वेगळ्या पद्धती, त्यातली एकच चालू ठेवायची. इथं यूआयओ चालू होती आणि प्रोग्रॅम रिमोटप्रॉकसाठी लिहिलेला, मग तो लोड कुठनं होणार. ओळ बदलली, फर्मवेअर, म्हणजे पीआरयूचा तो प्रोग्रॅम, योग्य नावानं लिब-फर्मवेअर फोल्डरात ठेवलं, स्टार्ट दिलं. अजून एक सांगतो, कारण यात बरेच जण अडकतात : ३१ नंबरची पिन पीआरयू शून्यचीच आहे. तोच प्रोग्रॅम पीआरयू एकवर टाकला तर स्टेटस रनिंग दाखवतं आणि पिनेवर काहीच येत नाही.

दृश्य : लीडस्क्रू फिरतो, सगळे वाकून बघतात

"आयतु, आयतु!" (कन्नडमध्ये, झालं, झालं!)

लाइट गेली की पिना परत मूळ मोडवर जातात, म्हणून बोर्ड चालू होताना पिनांच्या कमांड आपोआप चालवणारी एक सर्व्हिस घातली. हे सगळं त्यानं मराठीत कागदावर लिहून पॅनलच्या दाराला आतनं चिकटवलंय, पिन नंबर, मोड, कुठली वायर कुठं, सगळं. मालक म्हणतात, पिच बदलायचा वेळ वाचतोय, छोट्या ऑर्डरी परत घ्यायला लागलोय.

पुढची लेथ शेजारच्या शेडची. या लेथचा लीडस्क्रू ६ मिलिमीटर पिचचा, मोटर फेऱ्याला १६०० पल्स घेते, त्यामुळं दीडच्या आट्याला बरोब्बर १० कडांमागं एक पल्स बसली. शेजारचा स्क्रू इंची, इंचाला ४ आटे, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. तिथं फेऱ्याला ३७७.९५ पल्स येतात आणि तो अपूर्णांक सोडला तर आटा हळूहळू सरकत जातो. पोरगा वहीत भागाकार करत बसलेला, तेवढ्यात म्हातारे टर्नर मामा म्हणाले, "अरे, १२७ दात्यांचं गिअर लागतंय की त्याला." आणि खरंच, गणित तिथंच येतं, ४००० कडांना ३७७.९५ पल्स म्हणजे १२७ कडांना बरोब्बर १२ : प्रत्येक कडेला १२ मिळवत जायचं, बेरीज १२७ किंवा वर गेली की एक पल्स सोडायची, १२७ वजा करायचे आणि उरलेलं पुढं धरायचं.

"होय की मामा," म्हणत त्यानं फर्मवेअरमध्ये तेच दोन आकडे घातले.